मानधनाच्या विद्या

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा अंमलात आला आणि विद्यापीठांतील अनेक जुन्या विद्याशाखा मोडून त्यांच्या जागी चारच विद्याशाखा उरल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी त्यांची नावे. पहिल्या तीन नावांचा अर्थ कोणासही कळतो. चौथ्याचा अर्थ लावायचा तर तीत काय काय आहे हे पाहावे लागते. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, संगीत-नाट्यासारख्या प्रयोगजीवी कला, चित्रकला, समाजकार्य, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र अशा विद्या तेथे सर्वसाधारणपणे एकत्र नांदतात. घरात ज्या वस्तूंना ठराविक जागा नसते त्या एका फडताळात ठेवाव्यात आणि त्या फडताळाला भारदस्त नाव द्यावे, असा काहीसा हा प्रकार झाला आहे. या विद्यांमध्ये परस्परसंबंध नाही असे नव्हे. माणूस जन्मतो कसा, वाढतो कसा, शिकतो कसा आणि गातो-नाचतो का, हे या सर्वांचे समान क्षेत्र आहे. पण त्या समान क्षेत्राची जाणीव ठेवून ही मांडणी झाली, असे मानण्यास आधार दिसत नाही.

शिक्षणशास्त्र, प्रयोगजीवी कला आणि मानवविकास या तीन अभ्यासक्रमांपुरताच येथे विचार करावयाचा आहे. मानवविकास या शब्दाने आम्हा अर्थशास्त्रवाल्यांची थोडी फसगत होते. आम्हांला त्या शब्दासरशी १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात येणारा निर्देशांक आठवतो, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची सरासरी. गृहविज्ञानातील मानवविकास ही वेगळी गोष्ट आहे. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत एका माणसाच्या शरीराची, भाषेची, भावनांची आणि नात्यांची वाढ कशी होते, त्याचा तो अभ्यास. पहिला मानवविकास आकड्यांत मोजला जातो म्हणून त्यास प्रतिष्ठा आहे. दुसरा बालवाडीच्या चटईवर बसून निरीक्षण करावा लागतो म्हणून तो 'बायकांचा विषय' ठरतो.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारे मोठे गाव. अशा गावातील मुलगी बारावी उत्तीर्ण होते तेव्हा तिच्या घरात जो हिशेब मांडला जातो तो आमच्या पाठ्यपुस्तकांतील हिशेबापेक्षा अधिक कडक असतो. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा पास फुकट मिळतो. बारावी झाली की ती सवलत संपते. मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले हा मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु प्रवेशाचे पैसे भरावयाचे दिवस जून-जुलैचे. त्या दिवसांत कापसाचे चुकारे केव्हाच संपलेले असतात, बियाणे आणि खत यांवर शिल्लक खर्ची पडलेली असते, आणि नवे पीक हाती यायला दसरा-दिवाळी उजाडावी लागते. वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यात विद्यापीठ आपले दार उघडते. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात २०२४-२५ पासून मोठी सवलत मिळाली आहे. पण शुल्क हा खर्चाचा लहान भाग होय. मोठा भाग असतो तो वर्षांचा. मुलगी किती वर्षे शिकेल आणि त्यानंतर किती वर्षांनी चार पैसे घरात आणील, हा खरा प्रश्न असतो.

विदर्भातील कला महाविद्यालयांत बी.ए.ला गृहअर्थशास्त्र आणि संगीत हे विषय घेणाऱ्यांत मुलींचाच भरणा असतो. हे विषय सोपे म्हणून घेतले जातात, असे आमच्या प्राध्यापक-कक्षात बेधडक बोलले जाते. सोपे? तीन वर्षांचे मूल वाक्य कसे जुळवते, हट्ट का धरते, त्याचे वजन वयाच्या मानाने कमी का पडते आणि त्याचा त्याच्या शिकण्याशी काय संबंध असतो, हे समजणे आमच्या उदासीनता-वक्रांपेक्षा सोपे आहे असे मला तरी वाटत नाही. दोन ताल एकाच वेळी हातावर धरणे तर मला जन्मात साधले नाही. विषय हलके नाहीत. त्यांचा बाजारभाव हलका आहे. आणि भाव हलका का, हा प्रश्न मात्र निखळ अर्थशास्त्राचा आहे.

वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ पासून सुमारे तीन दशके या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. खरेदी करणारा एकच असला म्हणजे काय होते, ते त्याने अनुभवले आहे. काही वर्षी त्या योजनेने व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव दिला, हे नाकारता येत नाही. पण भाव कोणता, प्रत कोणती आणि चुकारा केव्हा, हे तिन्ही निर्णय एकाच हाती होते. लहान मुलांचे संगोपन आणि शिक्षण या श्रमांचा आजचा बाजार नेमका असाच आहे. सरकार हा येथील जवळजवळ एकमेव खरेदीदार. तो जी किंमत ठरवील तीच त्या श्रमाची किंमत, आणि त्या श्रमाची जी किंमत तीच त्या विद्येची प्रतिष्ठा.

शिवाय या किमतीला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा देखणा आहे. कीर्तनकाराला, पाहुण्या वक्त्याला, परीक्षकाला मानधन देतात. कारण ती माणसे पोटासाठी ते काम करीत नाहीत असे गृहीत असते. तोच शब्द रोज सकाळी नियमाने कामावर हजर होणाऱ्या स्त्रीला लावला की 'मान' शिल्लक राहतो आणि 'धन' आटते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. अर्धे शतक उलटले तरी अंगणवाडी सेविका ही शासनाच्या लेखी मानधनावरील कार्यकर्तीच आहे. ती नागरी पदावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. केंद्राने तिच्या मानधनातील आपला पाया २०१८ मध्ये दरमहा ४,५०० रुपयांवर नेला. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे एकूण मानधन १०,००० रुपये झाले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. अल्लीपूरच्या भाषेत सांगायचे तर महिनाभर तीस-चाळीस मुले सांभाळण्याची, त्यांना शिकविण्याची, वजने घेण्याची आणि नोंदी ठेवण्याची किंमत दीड क्विंटल कापसाहूनही कमी. पुढे दीर्घ संप झाला, त्यानंतर २०२४ मध्ये आणखी वाढ जाहीर झाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही सेविकांकडे आले आणि दर अर्जामागे पन्नास रुपये ठरले. ज्या वेळात मुलांना गोष्ट सांगायची तो वेळ अर्ज भरण्यात गेला, याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते.

शिक्षणशास्त्राची पदवी वरवर पाहता याहून बऱ्या स्थितीत आहे. तिला 'व्यावसायिक' असे विशेषण आहे आणि शाळामास्तरकीला आपल्या समाजात अजून मान आहे. पण वर्षे मोजून पाहा. बी.ए.ची तीन वर्षे, बी.एड. २०१५ पासून एकाऐवजी दोन वर्षांचे झाले. पुढे शिक्षक पात्रता परीक्षा, त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही दुसरी चाचणी २०१७ मध्ये झाली, मग २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. म्हणजे जिची पदवी २०१८ मध्ये पूर्ण झाली तिने पुढील चाचणीसाठी पाच वर्षे थांबावयाचे. निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. येथेही मानधन आहेच. ते २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झाले. तोवर अनेक वर्षे ते ६,००० आणि ८,००० एवढेच होते. सारे सुरळीत झाले तरी बारावीनंतर आठ वर्षांनी पूर्ण वेतन. सुरळीत न झाल्यास किती, याचे उत्तर खेड्यापाड्यांतून शिकवणी घेणाऱ्या, दुकानात हिशेब लिहिणाऱ्या आणि इंग्रजी शाळेत अल्प पगारावर राबणाऱ्या बी.एड. पदवीधरांकडे आहे.

आता २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करावी, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. उलट, २०२५ च्या एका मसुद्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा विचार आहे. एक, दोन, चार आणि पुन्हा एक! अभ्यासक्रमाची लांबी बदलणे ही शिक्षण-सुधारणेची सर्वांत स्वस्त रीत आहे, कारण तिचा खर्च विद्यार्थी सोसतो.

या गुंत्याचा कळसाध्याय लहान मुलांच्या बाबतीत आहे. धोरणाने तीन ते आठ हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून एकसंध मानला. कल्पना उत्तम आहे. अंगणवाडीतील तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे हा एकच प्रवास आहे, हे मानवविकासाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पण या स्तरावर शिकविणार कोण? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही; तेथे प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी. निर्णयामागील तर्क मला योग्य वाटतो. मोठ्या मुलांना विषय शिकविण्याचे प्रशिक्षण आणि लहानग्यांना वाचते करण्याचे प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. मात्र याच तर्काने आणखी एक पाऊल पुढे गेले तर असे दिसते की, लहान वयाचाच ज्यांनी पदवीपर्यंत अभ्यास केला त्या मानवविकासाच्या विद्यार्थिनींना पहिलीच्या वर्गाचे दार पदविकेवाचून बंद आहे, आणि अंगणवाडीच्या दाराशी त्यांच्या अभ्यासाची कोणी विचारपूस करीत नाही. सेविकेच्या निवडीत बारावीचे गुण धरतात. पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड., बी.एड., इतकेच नव्हे तर संगणकाच्या एमएससीआयटी परीक्षेलाही वेगळे गुण असतात. पदवी बालविकासाची आहे की इतिहासाची, याने गुणांत फरक पडत नाही. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी मात्र गृहविज्ञान, बालविकास, पोषण अशा विषयांचा उल्लेख जाहिरातीत असतो. पण एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, म्हणजे पदे तितकीच विरळ.

हे सर्व वर्धा जिल्ह्यात बसून लिहिताना एका गोष्टीची आठवण टाळता येत नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास जी शिक्षण-परिषद भरली तिने नई तालीमची कल्पना देशापुढे मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यातील दैनिक वेळापत्रक आजही वाचण्याजोगे आहे. साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटे. आणि संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे. गाणे आणि गणित एका कप्प्यात! गाण्याला ज्यांनी गणिताच्या मांडीला मांडी लावून बसविले ते काही छांदिष्ट नव्हते. पुढे १९४५ मध्ये या शिक्षणाची व्याप्ती वाढवून ती जन्मापूर्वीपासून मृत्यूपर्यंत मानण्यात आली. गृहविज्ञानातील मानवविकासाची व्याख्या याहून वेगळी नाही. सेवाग्रामला शांताबाई नारुलकरांनी पूर्व-बुनियादी वर्ग चालविले, शांतिनिकेतनातून आलेल्या देवी प्रसाद यांनी १९४४ पासून मुलांच्या कलाशिक्षणाचे काम केले, मार्जोरी साइक्स यांनी शिक्षक-प्रशिक्षण सांभाळले. शिक्षण, कला आणि बालविकास ही जी त्रयी आज विद्यापीठाने फडताळात ठेवली आहे ती अल्लीपूरपासून एका एस.टी.च्या अंतरावर एकाच अंगणात नांदत होती.

मग ती टिकली का नाही? भाबडेपणाने याचे खापर केवळ इंग्रजी वळणाच्या नोकरशाहीवर फोडले जाते. मला कारण वेगळे दिसते. त्याच १९३७ च्या परिषदेत अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. मुलांनी काढलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा हा विचार त्यांना मान्य नव्हता. शाळेतील माल बाजारात आला की तो गावच्या कारागिराशीच स्पर्धा करील, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाचा खर्च समाजाने अंगावर न घेता तो कोणीतरी परस्पर भागवावा, ही अपेक्षा या उदात्त योजनेच्याही मुळाशी होती. आज सूत नाही; सेविकेचा आणि शिक्षणसेवकाचा त्याग आहे. आणि दुसरे असे की, उत्तर-बुनियादी शिकून बाहेर पडलेल्यांना विद्यापीठांची दारे सहज उघडली नाहीत. ज्या प्रमाणपत्राला पुढे भाव नाही ते घेण्यास शेतकऱ्याचा मुलगा किती दिवस तयार होईल? त्याच्यावर ध्येयशून्यतेचा आरोप करणे सोपे आहे. त्याचा हिशेब चुकीचा होता, असे दाखविणे कठीण.

प्रयोगजीवी कलांची कथा थोडी निराळी आहे, कारण तेथे सरकारखेरीजही गिऱ्हाईक आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे ठाणे. शंकरपट आणि मंडई यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात, तिकिटे काढून हजारो माणसे बसतात, नट-वादकांना पैसे मिळतात आणि या व्यवहाराचा कणा सरकारी अनुदान हा नव्हे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खुद्द ज्यांचे नाव २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला देण्यात आले त्या तुकडोजी महाराजांनी हाती खंजिरी घेऊन गावोगावच्या माणसांना स्वच्छतेपासून शेतीपर्यंत सारे ऐकविले, आणि त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अगदी बेताचे होते. वर्धा जिल्ह्यातील गावोगावची भजनी मंडळे ही आजही वादनाची पहिली शाळा आहे. तात्पर्य, पदवीवाचून कला जगते.

तर मग पदवी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रंगभूमीवर उभे राहण्यास पदवी लागत नाही. पण शाळेच्या वर्गात तीस मुलांकडून नाटक करवून घेणे, बुजऱ्या मुलाला त्यात सामील करणे, गीतातून भाषा शिकविणे, ही शास्त्र असलेली कामे आहेत आणि त्यांस शिकलेले माणूस हवे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र निघाले, मुंबई विद्यापीठात नाट्यकला अकादमी आली, वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात या कलांचा विभाग आहे. तेथून शिकून निघालेल्यास शाळेत जागा कोणती? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत उत्तर आहे: सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. शंभरांहून कमी मुले असलेल्या खेड्यातील शाळेला तेही नाही. इकडे दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीत-नृत्य, लोककला आणि चित्रकला यांना वाढीव गुण मिळतात. त्यामुळे शहरात गाण्याच्या शिकवण्या भरभराटल्या. मुलाला गाणे यावे म्हणून नव्हे, टक्केवारी वाढावी म्हणून. कलेला गुण दिले आणि कलाशिक्षकाला पद दिले नाही, तर याखेरीज दुसरे काय होणार?

या विद्यांना विद्यापीठात सन्मानाची जागा देता येत नाही, असे मात्र नाही. बडोद्यास मराठी राजाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपविली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले तेव्हा हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. तेथे शिक्षण व मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि प्रयोगजीवी कला यांना स्वतंत्र विद्याशाखांचा दर्जा मिळाला, गृहविज्ञानात मानवविकासाचा विभाग नावारूपास आला आणि विभागाला जोडून प्रयोगशाळा म्हणून बालवाडी आली. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी बालविकासालाही लागते, हे तेथे गृहीत धरले गेले. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणात मुले गोळा करून जे केले ते प्रयोगशाळेचेच काम होते; 'अंगणवाडी' हा शब्दच मुळी त्यांच्या कामातून आला.

अल्लीपूरला प्रयोगशाळा बांधावयाची गरज नाही. अंगणवाड्या आहेत, प्राथमिक शाळा आहे, भजनी मंडळे आहेत. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण लागू झाले आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क व कार्यप्रशिक्षण यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. आज हे श्रेयांक बहुधा कुठल्याशा कार्यालयात चार दिवस बसून आणि छापील अहवाल जोडून मिळविले जातात. गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने ते आपल्याच गावच्या अंगणवाडीत, संगीताच्या विद्यार्थ्याने प्राथमिक शाळेत मिळवावेत, त्यांच्या अध्यापकाने महिन्यातून एकदा तेथे जावे, एवढे करण्यास कोणाचीही परवानगी अडणार नाही. मात्र एक सावधगिरी हवी. विद्यार्थी फुकट मिळतो असे दिसले की रिक्त पद भरण्याची घाई उरत नाही. आपल्या प्रशासनाची ही जुनी सवय आहे. म्हणून प्रकल्प हा सेविकेच्या मदतीला असावा, तिच्या जागी नसावा.

वेतनाचा प्रश्न मोठा आहे आणि तो राज्याच्या तिजोरीचा आहे, हे मी जाणतो. पण तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर गेल्या काही वर्षांतील घोषणा पाहता कोणी गंभीरपणे देऊ शकेल असे वाटत नाही. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट पैशावाचून होण्याजोगी आहे. सेविका-भरतीच्या गुणपत्रकात एमएससीआयटीच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालता येईल: बालविकास, मानवविकास किंवा गृहअर्थशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळविली असल्यास इतके गुण. ती ओळ येईपर्यंत, अल्लीपूरच्या एखाद्या बापाने गृहअर्थशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलीला त्यापेक्षा संगणकाची परीक्षा दे असे सांगितले, तर त्याला अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी काय उत्तर द्यावे?